वाचवणारे हात कुणाचे होते?

प्रश्न : मी नववी-दहावीला इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धाचा भाग झाला की मुलांना ऑस्कर शिंडलर आणि निकोलस विंटन यांच्या गोष्टी सांगते. यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, ज्यूंना वाचवणारे सगळे दुसरेच कसे? ते स्वतः काहीच करत नव्हते का?" मला धड उत्तर देता आलं नाही. फुटबॉल खेळता खेळता मुलांना सीमेपार पाठवल्याची एक गोष्ट मी कुठेतरी वाचली होती. ती खरी की रचलेली? आणि त्या काळात आपल्याकडे मुंबईत कुणी आश्रयाला आलं होतं का?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, आधी त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की ज्यू स्वतः खूप काही करत होते. रात्रीचा दिवस करून, जीव धोक्यात घालून, आणि पकडले गेलो तर आपलीही रवानगी नाझींच्या छावणीत होणार हे पक्कं ठाऊक असताना करत होते. त्यांची नावं आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत, त्याला एक साधं कारण आहे.

जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था ज्यूंना वाचवणाऱ्यांचा गौरव करते. आजवर २८ हजारांहून अधिक जणांना तिने हा मान दिला. पण तो फक्त बिगर-ज्यूंसाठी आहे. ज्यूने ज्यूला वाचवलं, तर ते घरच्या माणसाचं कर्तव्यच मानलं गेलं. जिथे किताब नाही तिथे अर्ज नाही, साक्षी-पुरावे नाहीत आणि दप्तरात नोंदही नाही. आपण ज्यांची गोष्ट सांगता त्या विंटन यांचंच पाहा. प्राग शहरातून ६६९ मुलं त्यांनी इंग्लंडला नेली, तरी त्यांना हा किताब मिळू शकला नाही, कारण त्यांचे आईवडील मूळचे जर्मन ज्यू होते. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याच गोष्टीत होतं! अशा ज्यू कार्यकर्त्यांना सन्मानपत्र देण्याचा एक स्वतंत्र उपक्रम जेरुसलेममध्ये सुरू झाला तो २०११ साली. तोवर त्यातले बहुतेक जण हयात नव्हते.

'ज्यू मेंढरांसारखे मरायला गेले' हे वाक्य आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. मला त्याचा मनापासून संताप येतो. ते बोलणाऱ्याने खाली सांगतो ती माणसं एकदा डोळ्यांसमोर आणावीत.

मुंबईबद्दल आधी सांगतो, कारण ते थोडक्यात सांगता येईल. हो, आले होते. जर्मनीतून निसटलेल्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये मुंबईत 'ज्युइश रिलीफ असोसिएशन' स्थापन झाली. येणारा माणूस सरकारवर भार होणार नाही, अशी हमी ही संस्था घेत असे, आणि त्या हमीवर अनेकांना हिंदुस्थानात पाऊल ठेवता आलं. त्याच वर्षी वॉल्टर कॉफमन नावाचा संगीतकार मुंबईत उतरला. आकाशवाणीची सकाळची ती ओळखधून ऐकत आपल्या कितीतरी पिढ्या उठल्या, ती त्याची. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली ज्यू मंडळींना शनवार तेली म्हणत आलो आपण. त्यांच्या वाट्याला इथे कधी असा छळ आला नाही, हेही मुलांना जरूर सांगा.

आता मूळ गोष्ट. ती फ्रान्समधली आहे.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडलं. उत्तर भाग जर्मनांनी घेतला आणि दक्षिणेत मार्शल पेताँचं, जर्मनांच्या तालावर चालणारं सरकार विशी गावातून कारभार पाहू लागलं. देशात तीन लाखांहून अधिक ज्यू होते. त्यातले कितीतरी जर्मनी, पोलंड, ऑस्ट्रिया इथून जीव घेऊन पळून आलेले. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे १३ हजार ज्यूंना पकडलं, त्यात चार हजारांहून अधिक लहान मुलं होती. हे काम जर्मन शिपायांनी नाही, फ्रेंच पोलिसांनी केलं. पुढच्याच महिन्यात दक्षिणेची पाळी आली.

ऑगस्ट १९४२. आपल्याकडे 'चले जाव'ची ठिणगी पडली तो महिना. लिऑन शहराजवळ वेनिस्यू इथल्या छावणीत परदेशी ज्यू कुटुंबं आणून कोंडली होती. हजारभर माणसं. पाठवणी कुणाची करायची आणि कुणाची नाही, याचे नियम लेखी होते, आणि त्यात एक सवलत होती : पालक सोबत नसलेल्या मुलांना पाठवायचं नाही. छावणीत मदतकार्याच्या नावाखाली शिरलेल्या कार्यकर्त्यांनी हे कलम हेरलं. आईबापांनी मुलावरचा हक्क लेखी सोडला, तर ते मूल कायद्याने 'एकटं' ठरतं. मग त्याला बाहेर काढता येईल. ही सवलत रद्द झाल्याची तार आली, तेव्हा ती आबे ग्लासबर्ग यांच्या हाती लागली आणि त्यांनी ती दडवली. हे ग्लासबर्ग कॅथलिक धर्मगुरू, पण जन्माने युक्रेनमधले ज्यू.

हातात एक रात्र होती. २८ ऑगस्टची. जॉर्ज गारेल नावाचा एक विद्युत अभियंता, 'ओ.एस.ई.' या बालसाहाय्य संस्थेच्या काही तरुण मुली आणि इतर मोजके कार्यकर्ते एकेका कुटुंबापाशी गेले. उद्या तुम्हाला कुठे नेणार, हे स्पष्ट सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर छावणीत हलकल्लोळ उडाला असता आणि सगळंच फसलं असतं. तरीही आईला पटवायचं होतं की मूल आमच्याकडे दे, या कागदावर सही कर. काहींनी लगेच सही केली. काही नुसत्या मुलाला घट्ट धरून बसून राहिल्या. पहाट जवळ येऊ लागली तसं समजावत बसायला वेळ उरला नाही, आणि काही मुलं अक्षरशः हातांतून ओढून घ्यावी लागली. ओढून घेणाऱ्यांना ती रात्र जन्मभर पुरली. सकाळी १०८ मुलं बसमध्ये बसून छावणीबाहेर पडली. आईबाप तिथून द्रांसीच्या छावणीत आणि तिथून ऑशविट्झच्या मृत्युछावणीत गेले.

दुसऱ्या दिवशी सरकारने ती मुलं परत मागितली. तोवर त्यांना शहरातल्या एका जुन्या मठातून ठिकठिकाणी पांगवलं होतं. लिऑनचे कार्डिनल गेर्लिए यांनी मुलांचा ठावठिकाणा सांगायला नकार दिला. म्हणजे हे एकट्या ज्यूंचं काम नव्हतं. जोखीम ओळखून दार उघडणारे ख्रिस्ती शेजारी नसते तर मुलं ठेवायची कुठे? पण त्या दारापर्यंत मुलाला आणून उभं करणारे हात बहुतेक वेळा ज्यू कार्यकर्त्यांचे असत. शिकवताना नेमकी हीच गोष्ट गाळली जाते.

ओ.एस.ई. ही संस्था १९१२ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्ग इथे ज्यू डॉक्टरांनी सुरू केलेली. गोरगरिबांचं आरोग्य पाहणं हे तिचं मूळ काम. फ्रान्समध्ये तिने निर्वासित मुलांसाठी वसतिगृहं चालवली होती. वेनिस्यूनंतर संस्थेच्या डॉ. जोसेफ वाइल यांना कळून चुकलं की एका छपराखाली पन्नास ज्यू मुलं ठेवणं म्हणजे पोलिसांना पत्ता देण्यासारखं आहे. मुलं विखुरली पाहिजेत, आणि तीही खोट्या नावांनी. हे काम त्यांनी गारेल यांच्यावर सोपवलं, कारण गारेल यांचं नाव कुठल्याच ज्यू संस्थेच्या यादीत नव्हतं. पोलिसांना त्यांचा मागमूसही नव्हता.

या जाळ्याचं काम कसं चाले, ते मला फुटबॉलच्या गोष्टीहून मोठं वाटतं. मुलाला नवं, ख्रिस्ती वळणाचं नाव द्यायचं. जमल्यास जुन्या नावाशी जुळणारं, म्हणजे हाक मारल्यावर मूल चटकन वळतं. मग ते नाव घोटून घ्यायचं : झोपेतून उठवून विचारलं तरी तेच नाव तोंडी यायला हवं. धुण्याला टाकण्यासाठी कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवलेल्या असत, त्या एकेक उसवून नव्या लावायच्या. एका सदऱ्याच्या कॉलरला जुनं नाव राहून गेलं, तर मुलासकट त्याला ठेवून घेणारं घरही संपलं. हे काम करणाऱ्या बहुतेक विशीतल्या मुली. स्वतःची खोटी कागदपत्रं पर्समध्ये ठेवून त्या आगगाडीने, सायकलने गावोगाव फिरत. मुलाला भेटायचं, शेतकऱ्याच्या हातावर महिन्याचे पैसे ठेवायचे, बूट लहान झाले का बघायचे, पोरगं रात्री रडतं का ते विचारायचं. पैसा अमेरिकेतल्या ज्यूंच्या 'जॉइंट' या मदतसंस्थेकडून, बराचसा स्वित्झर्लंडमार्गे चोरून येई. मुलाचं खरं नाव काय आणि खोटं काय, याच्या याद्या गुपचूप जिनिव्हाला पोहोचवल्या जात. लढाई संपल्यावर कुणी आई परत आली, तर तिचं मूल तिला सापडावं म्हणून. आपण जिवंत राहू की नाही याची शाश्वती नसलेल्या माणसांनी हा विचार केला होता.

पण लहान मुलांना शेतावर दडवता येतं, मोठ्यांना अवघड. ज्यांना फ्रेंच नीट येत नाही, बोलताच जर्मन किंवा यिडिश हेल उमटतो, अशांना देशाबाहेर काढणं भाग होतं. इथे जॉर्ज लॉइंगर येतात.

१९१० मध्ये स्ट्रासबर्गला जन्मलेले लॉइंगर व्यायामशिक्षक. फ्रेंच सैन्यात होते, १९४० मध्ये जर्मनांच्या कैदेत सापडले. सोनेरी केस, निळे डोळे, त्यामुळे हा ज्यू असेल अशी शंकाही पहारेकऱ्यांना आली नाही. कैदेतून ते निसटले आणि फ्रान्सला परतले. ओ.एस.ई.च्या वसतिगृहांत ते मुलांकडून व्यायाम करून घेऊ लागले. धावणं, उड्या, चढणं, शिट्टी वाजताच चिडीचूप होणं. मुलांना तो खेळाचा तास वाटे. लॉइंगर यांना मात्र पुढचं दिसत होतं.

जिनिव्हाच्या अगदी शेजारी, फ्रान्सच्या हद्दीत आनमास हे गाव आहे. सीमा इतकी जवळ, की काही ठिकाणी शेत संपतं तिथे काटेरी तारांचं कुंपण आणि पलीकडे स्वित्झर्लंड. स्विस सरकार मोठ्या माणसांना सीमेवरून परत हाकलत असे, पण एकट्या आलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना सहसा परत पाठवत नसे. म्हणून मुलं न्यायची. आनमासचे नगराध्यक्ष ज्याँ देफो यांचा मूक पाठिंबा होता. सुट्टीच्या शिबिराला निघालेली मुलं म्हणून टोळकी आगगाडीने गावात येत.

आणि आता आपला फुटबॉल. ही गोष्ट खरी आहे, खुद्द लॉइंगर यांनीच सांगितलेली. सीमेजवळ मुलांचा खेळ सुरू करायचा. बघणाऱ्याला वाटावं, मास्तर पोरांना खेळवतायत. मग चेंडू सीमेच्या दिशेने लांब भिरकावायचा आणि मुलांना म्हणायचं, पळा, आणा! मुलं चेंडूमागे धावत सुटत आणि धावता धावता पलीकडे जात. पण हे जमलं ते त्या भागात इटालियन सैन्य होतं तोवर. इटालियन शिपाई ज्यूंच्या मागे हात धुवून लागले नव्हते. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि तिथे जर्मन आले. त्यानंतर असले खेळ करता येत नव्हते, हेही लॉइंगर यांनी स्पष्ट सांगितलं आहे. मग रात्री, पैसे घेऊन काम करणारे स्थानिक वाटाडे, उचलून धरलेल्या तारा आणि कुत्र्यांचं भुंकणं. चित्रपटवाल्यांना चेंडू आवडतो, ते साहजिक आहे. मुलांना सांगताना मात्र आपण दोन्ही सांगा.

लॉइंगर यांच्या हाती सुमारे साडेतीनशे मुलं पार झाली. त्यांना साथ देणाऱ्यांत त्यांच्या नात्यातला एक तरुण होता, मार्सेल मँगेल. पुढे हाच मार्सेल मार्सो या नावाने मूकनाट्याचा जगद्विख्यात कलावंत झाला. त्याचे वडील खाटीक. १९४४ मध्ये ऑशविट्झला मारले गेले. मुलांना मार्सेलचा फार लळा होता, असं लॉइंगर सांगत.

ओळखपत्रं, शिधापत्रिका आणि जन्मदाखल्यांशिवाय यातलं काहीच शक्य नव्हतं, आणि त्यासाठी पॅरिसमध्ये एक अठरा वर्षांचा मुलगा होता. अडॉल्फो कामिन्स्की. जन्म अर्जेंटिनाचा, आईवडील रशियन ज्यू. शाळा सुटल्यावर तो नॉर्मंडीत एका रंगाऱ्याकडे, कपडे रंगवायच्या कामाला लागला होता. डाग कशाने जातो, रंग कशाने उडतो याचं त्याला वेड. एका दुग्धालयातल्या रसायनतज्ज्ञाच्या हाताखालीही त्याने काम केलं. दुधातला स्निग्धांश मोजायला तिथे निळा रंग वापरत आणि दुधातल्या आम्लाने तो रंग फिका पडे, हे त्याने पाहून ठेवलं होतं. ज्यू बालवीरांच्या भूमिगत गटाने त्याला विचारलं, ओळखपत्रावरची 'वॉटरमन' कंपनीची निळी शाई जगात कशानेच जात नाही, तुला काही सुचतं? तो म्हणाला, लॅक्टिक आम्ल लावून बघा. शाई गेली.

ज्यूंच्या ओळखपत्रावर 'ज्यू' हा शब्द लाल शिक्क्याने उमटवलेला असे. कामिन्स्की आणि त्याचे सोबती आधी असे शिक्के आणि नावं पुसत, पुढे कोरी ओळखपत्रंच तयार करू लागले. एकदा निरोप आला : दहा वसतिगृहांवर छापा पडणार आहे, तीनशे मुलांची कागदपत्रं तीन दिवसांत हवीत. म्हणजे नऊशेच्या वर कागद. तो झोपलाच नाही. त्याने मनाशी हिशेब मांडला होता की तासाला तीस कागद होतात, म्हणजे तासभर डोळा लागला तर तीस माणसं जातील. या कामाचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला, वयाच्या ९७व्या वर्षी.

सगळ्यांच्या नशिबी असं दीर्घायुष्य नव्हतं. एप्रिल १९४४ मध्ये इझिय गावच्या वसतिगृहातून गेस्टापोने, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, ४४ मुलं एका सकाळी उचलली. सीमेपार मुलं नेणारी मिला रासीन ऑक्टोबर १९४३ मध्ये पकडली गेली. छावणीत कैदी असताना, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना ती बॉम्बहल्ल्यात मेली. तिच्या जागी आली मारियान कोन.

मारियानचा जन्म १९२२ चा, जर्मनीत मानहाइमला. कुटुंब स्पेनमार्गे फ्रान्सला आलेलं, म्हणजे ती स्वतःच निर्वासित. ३१ मे १९४४ रोजी ती अठ्ठावीस मुलांना ट्रकमधून घेऊन निघाली आणि सीमेपासून हाकेच्या अंतरावर जर्मन गस्तीने ट्रक अडवला. सगळ्यांना आनमासमधल्या 'पॅक्स' नावाच्या हॉटेलात कोंडलं, ते हॉटेलच तुरुंग झालं होतं. नगराध्यक्ष देफो यांनी रोज तिथे जाऊन मुलांना खायला देण्याची परवानगी मिळवली. अगदी लहान मुलांना त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सोडवून नेलं. मोठी मुलं आत राहिली. मारियानच्या सुटकेची एक योजनाही त्यांनी तिच्यापर्यंत पोहोचवली.

तिने नकार दिला. मी पळाले तर मुलांवर सूड उगवतील, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिला मारहाण झाली, पण तिच्याकडून कुणाचं नाव निघालं नाही. ७ आणि ८ जुलैच्या मधल्या रात्री तिला बाहेर नेलं आणि ठार मारलं. ती एकवीस वर्षांची होती. १८ ऑगस्टला आनमास मुक्त झालं. तिच्यासोबत पकडलेलं प्रत्येक मूल जिवंत होतं.

फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंना छावण्यांत पाठवलं गेलं, त्यात ११ हजारांहून अधिक मुलं होती. ओ.एस.ई.ने पाच हजारांहून अधिक मुलं वाचवली. युद्धानंतर जिनिव्हातल्या त्या याद्या उघडल्या, तेव्हा कितीतरी नावांसमोर न्यायला येणारं कुणीच उरलं नव्हतं. मग पुन्हा ओ.एस.ई.नेच त्या मुलांना वाढवलं. लॉइंगर यांचंही काम थांबलं नाही. छावण्यांतून वाचलेल्यांना बोटींनी पॅलेस्टाइनला पाठवण्यात ते गुंतले. २८ डिसेंबर २०१८ रोजी, १०८ वर्षांचे होऊन ते गेले.

बाई, पुढच्या वर्षी हा भाग शिकवाल तेव्हा शिंडलर यांची गोष्ट जरूर सांगा. तिच्या शेजारी फळ्यावर आणखी चार नावं लिहा : जॉर्ज गारेल, जॉर्ज लॉइंगर, अडॉल्फो कामिन्स्की, मारियान कोन. आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीलाच ती लिहायला सांगा.